घेवड्याचा शेंडा, लॅनोलिन आणि मोजपट्टी : खानापूरकडच्या एका शाळेतल्या प्रकल्प नोंदी

२४ जून

शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. नववीच्या मुलांबरोबर प्रकल्प ठरला: रोपाच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली वाहत येतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानांच्या बगलेतल्या कळ्यांना, फुटू देत नाही, हे मुलांसमोर करून दाखवायचं. ज्यांना पुढे हेच करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी. जे फसलं तेही लिहिणार आहे, कारण आमचा वेळ तिथेच गेला.

विषय मुलांकडूनच आला. एकाचं आजोळ निपाणीजवळ, तंबाखूचं रान. त्याचा मामा शाळेत आला होता, त्यानं सांगितलं, "शेंडा खुडला की प्रत्येक पानाच्या बगलेतनं फुटवं येत्यात. ते काढत बसायचं. नाही काढलं तर पान भरत नाही." शेंडा असेपर्यंत ते फुटवे का येत नाहीत, हा प्रश्न मुलांनी तिथल्या तिथे विचारला. मामाकडे उत्तर नव्हतं, पण त्याच्या हाताला ते रोज कळत होतं. तंबाखू शाळेत लावणार नाही, म्हणून घेवडा घेतला. त्याच्या आधी गव्हाच्या कोंबावर एक छोटा प्रयोग.

पहिली खरेदी: ॲल्युमिनियम फॉइल ८० रुपये, लाल जिलेटिन कागद २० रुपये, काळा चार्ट पेपर ६० रुपये. बुटांचे रिकामे खोके फुकट मिळाले.

२ जुलै

पहिली पेरणी वाया. ओल्या कापसावर गहू पसरला होता. आमच्याकडचा पाऊस आणि वर्गातली कोंदट हवा, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. दाणे हाताला चिकट लागत होते.

बदल असा केला: मलप्रभेची वाळू तीन पाण्यांनी धुतली, लोखंडी तव्यावर भाजली, गार करून दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरली. डब्यांना खाली भोकं. पाणी फक्त वाळू ओलसर राहील एवढंच. बुरशी थांबली.

बियाण्याबद्दल दोन गोष्टी. दुकानातले ओट्स उगवत नाहीत, ते वाफवून चपटे केलेले असतात. जुन्या प्रयोगांत ओट वापरत, हे वाचून एका मुलानं घरून पाकीट आणलं होतं, म्हणून लिहिते. कृषी केंद्रातल्या बियाण्यावर रंगीत औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हातात देऊ नका. आम्ही शेवटी एका शेतकऱ्याकडून टरफलासकट खपली गहू घेतला. उत्तम उगवला.

९ जुलै

गव्हाचा कोंब वर येतो तेव्हा त्याच्यावर नळीसारखं आवरण असतं, प्रांकुरचोल. उजेड एका बाजूनं आला की ते तिकडे वाकतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली हेच एका गवताच्या कोंबांवर केलं होतं. टोकाला उजेड लागू दिला नाही तर कोंब वाकत नाही. बुंधा झाकला आणि टोक उघडं ठेवलं तर वाकतो. उजेड टोकाला कळतो आणि वाकणं खाली होतं, म्हणजे मधून काहीतरी खाली येतं.

खोक्याच्या एका बाजूला एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं. कोंबांच्या टोकावर फॉइलच्या टोप्या घातल्या. निकाल गोंधळाचा: टोपीवाले कोंबही थोडे वाकले, आणि काही उघडे सरळच राहिले.

१६ जुलै

पावसामुळे मध्ये शाळेला सुट्टी. परत आल्यावर एकेक कारण तपासलं.

एक, खोक्याच्या सांध्यातून उजेड येत होता. डोक्यावर काळं कापड पांघरून खोक्याच्या आत बघितलं तेव्हा पांढऱ्या रेघा दिसल्या. काळी चिकटपट्टी दुहेरी लावली.

दोन, काही कोंबांतून पहिलं हिरवं पान आवरण फोडून बाहेर आलं होतं. एकदा पान बाहेर आलं की आवरणाची वाढ थांबते, मग ते वाकणार कुठून. कोंब दोन ते तीन सेंटीमीटर असतानाच प्रयोग करायचा.

तीन, टोप्या घालताना साध्या टॉर्चचा उजेड वापरला होता. वाकण्याची क्रिया निळ्या उजेडानं सुरू होते, लाल उजेडानं नाही. आता टॉर्चवर लाल जिलेटिनचे तीन थर आहेत. लाल उजेडात कोंबाखालचा दांडाही आखूड आणि सरळ राहतो, हा वेगळा फायदा.

चार, फॉइलची टोपी घट्ट असेल तर टोक चेमटतं. पेनाच्या रिफिलवर फॉइल गुंडाळून टोपी तयार करायची आणि मग अलगद ठेवायची.

सगळं बदलून सकाळी प्रार्थनेआधी खोकं उजेडात ठेवलं. मधल्या सुट्टीत उघडलं तेव्हा उघडे कोंब भोकाकडे झुकलेले, टोपीवाले सरळ, बुंध्याला फॉइल गुंडाळलेले झुकलेले. वर्गात आरडाओरडा झाला. तो मी थांबवला नाही.

२३ जुलै

डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांचा प्रयोग करून बघितला. त्यांनी ओटच्या कोंबांची कापलेली टोकं अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवली, नंतर तोच अगार टोक कापलेल्या कोंबावर एका कडेला ठेवला, आणि कोंब दुसऱ्या बाजूला वाकला. १९२८ साली प्रसिद्ध झालेलं काम. टोकातलं द्रव्य अगारमध्ये उतरतं, हे त्यातून सिद्ध झालं.

अगार म्हणजे किराणा दुकानातला चायना ग्रास. बेळगावच्या रविवार पेठेतून आणला, ६५ रुपये. थर छान जमला, पण तुकडे एवढे लहान कापावे लागतात की मुलांच्या हातून घसरतात, आणि हवा लागली की तासाभरात सुकतात. शाळेत हा प्रयोग होत नाही असं माझं मत झालं आहे. ज्यांच्याकडे झाकणाचा ओलसर डबा, बारीक चिमटा आणि भरपूर धीर आहे त्यांनी करावा. आम्ही पुढे गेलो.

३० जुलै

आता घेवडा. शेजारच्या आजींनी घरचं बी दिलं. एका पिशवीत एकच रोप. पहिली दोन मोठी पानं पूर्ण उघडली की त्यांच्या वरचा शेंडा ब्लेडनं कापायचा. त्या दोन पानांच्या बगलेत डोळे असतात, तेच बघायचे. गट तीन:

शेंडा तसाच ठेवलेली रोपं.
शेंडा कापून जखमेवर नुसतं लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) लावलेली.
शेंडा कापून ऑक्झिन मिसळलेलं लॅनोलिन लावलेली.

शुद्ध इंडोल ॲसेटिक ॲसिड, म्हणजे रोपातलं नैसर्गिक ऑक्झिन, महाग आणि उजेडात लवकर बिघडणारं. म्हणून द्राक्षबागेत आणि आंब्याच्या मोहोरावर मारतात ते एनएए घेतलं. हे कृत्रिम ऑक्झिन, ४.५ टक्क्यांचं द्रावण, १०० मिली बाटली १४० रुपयांना. हातमोजे घालायचे, मिसळण्याचं काम मोठ्या माणसानंच करायचं.

आधी ते व्हॅसलीनमध्ये मिसळायचा प्रयत्न केला. द्रावण पाण्यातलं असल्यानं थेंब वेगळे होऊन तरंगत राहिले. लॅनोलिन पाणी धरून ठेवतं. ते औषधाच्या दुकानात सांगून मागवावं लागलं, १०० ग्रॅम २६० रुपये आणि आठवडाभर वाट. गरम पाण्यात वाटी ठेवून मऊ करायचं आणि काडीनं घोटायचं.

प्रमाण: ८ ग्रॅम लॅनोलिनमध्ये १ मिली द्रावण, म्हणजे साधारण ०.५ टक्के.

६ ऑगस्ट

०.५ टक्के फार झालं. कापलेल्या जागेखाली खोड जाड होऊन तडकलं, पानं खाली मुडपली. डोळे फुटले नाहीत हे खरं, पण रोप आजारी असताना "ऑक्झिननं डोळा थांबवला" असं म्हणता येत नाही. आजारी रोपाचा डोळा तसाही फुटत नाही.

त्याच मलमाचा १ ग्रॅम आणि साधं लॅनोलिन ४ ग्रॅम, असं ०.१ टक्क्याचं केलं. त्यातून आणखी पाचपट पातळ करून ०.०२ टक्क्याचंही, म्हणजे चौथा गट. दर तीन दिवसांनी जखमेची पातळ चकती कापून नवीन मलम लावायचं. खालचं जुनं मलम वाळून जातं आणि वाहणं थांबतं.

१३ ऑगस्ट

आज या प्रकल्पाची दिशा बदलली, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसत्या लॅनोलिनची रोपं आणि ०.१ टक्क्याची रोपं यांच्यातला फरक लांबूनही दिसतो. एकीकडे फुटवे ४० मिलिमीटरच्या पुढे, दुसरीकडे डोळा जेमतेम सुजलेला. भांडण लागलं ते ०.०२ टक्क्याच्या गटावरून. वर्गातली बहुतेक मुलं म्हणाली, "टीचर, ह्यातला फुटवा लहान हाय की, औषध चालतंय." वहीत तसंच लिहिलं गेलं. एका मुलीनं मात्र शिवणाच्या डब्यातला दोरा आणून फुटव्यावर धरला, गाठ मारली आणि पट्टीवर ठेवला. तिच्या दोऱ्यानं नुसत्या लॅनोलिनचं एक आणि ०.०२ टक्क्याचं एक, अशा दोन रोपांतला फरक जवळजवळ नव्हताच. दुसऱ्या जोडीत तर औषधाचा फुटवा दोन मिलिमीटरनं लांब निघाला.

मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना तो लहानच दिसत होता, मलाही दिसला. कारण रोपाकडे नीट बघितल्यावर सापडलं. ऑक्झिननं फुटव्याशेजारचं खोड जाड होतं. जाड खोडाला टेकलेला फुटवा बारीक खोडाला टेकलेल्या तेवढ्याच फुटव्यापेक्षा लहान भासतो. मोठ्या वर्तुळांनी वेढलेलं वर्तुळ लहान दिसतं आणि छोट्यांनी वेढलेलं मोठं, हा एबिंगहाउस यांच्या नावानं ओळखला जाणारा भास. म्हणजे ज्या औषधाचा परिणाम आम्ही डोळ्यांनी मोजत होतो, तेच औषध आमच्या अंदाजाला एका ठरावीक बाजूला ढकलत होतं. चूक दोन्हीकडे सारखी होत असती तर सरासरीत निघून गेली असती. ही तशी नव्हती.

०.०२ टक्क्याच्या गटात शोधायचा फरक पाच-सात मिलिमीटरचा, आणि आपल्या नजरेची चूकही तेवढीच. आता बघणाऱ्याचा डोळा हाही प्रकल्पाचा भाग.

१८ ऑगस्ट

बघणाऱ्याच्या डोळ्याची स्वतंत्र परीक्षा घेतली. खर्च ३० रुपये, हिरव्या वायरचा.

वायरचे दोन तुकडे, दोन्ही १० सेंटीमीटर. एक नुसता, दुसऱ्यावर ठरावीक अंतरानं कागदाची पानं. दुसऱ्या वर्गातली मुलं बोलावली, ज्यांना प्रकल्प माहीत नाही. बहुतेकांनी पानांची वायर लांब सांगितली. रिकाम्या जागेपेक्षा भरलेली जागा लांब वाटते, हा एकोणिसाव्या शतकात ओपेल आणि कुंट यांनी मांडलेला भास. मग एका मुलानं पानं अगदी खेटून लावली, आणि परिणाम कमी झाला. हेही माहीत असलेलंच आहे: फार दाट भरलं की भास उतरतो. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटलं.

दुसरी परीक्षा: एक वायर आडवी, तिच्या मध्यावर तेवढीच दुसरी उभी. उभी लांब वाटते. रोपाचं खोड उभं आणि फुटवा तिरपा किंवा आडवा, म्हणजे आमच्या प्रत्येक रोपात हाच भास भरलेला.

मुलांनी विचारलं, मग डोळा बिघडलेला आहे का? नाही. डोळ्याच्या पडद्यावर जवळची करंगळी आणि लांबचं सागाचं झाड सारख्याच आकाराचं उमटू शकतं. त्या चित्रावरून वस्तू खरी केवढी हे ठरवायला मेंदूला भोवतालच्या वस्तू, अंतर, सावली यांचा आधार घ्यावाच लागतो. त्याच आधारामुळे रस्त्याच्या टोकाची एसटी आपल्याला खेळण्याएवढी वाटत नाही. आमच्या कुंड्यांत मात्र तोच आधार फसवतो.

आणखी एक गोष्ट मोजताना कळली. ५० मिलिमीटरच्या फुटव्यात १ मिलिमीटरचा फरक ओळखू येत असेल, तर ५०० मिलिमीटरच्या वेलात त्यासाठी १० मिलिमीटर लागतात. हा वेबर यांचा नियम, १८३४ सालचा. म्हणून डोळ्यावर भागवायचंच असेल तर फुटवे लहान असताना बघावं.

२० ऑगस्ट

फोटो काढून मोजू, असं ठरलं, आणि त्यातही चूक निघाली. आलेख कागद रोपामागे भिंतीला चिकटवला होता. मोबाइलपासून रोप ५० सेंटीमीटरवर आणि कागद ५५ वर. १०० मिलिमीटरचा फुटवा कागदावर ११० मिलिमीटर भरतो. दहा टक्के हवेतून आले. लांबचा कागद मोबाइललाही लहानच दिसतो.

आता पट्टी फुटव्याच्या अगदी शेजारी, त्याच अंतरावर धरतो. मोबाइल विटांच्या थरावर ठेवलेला, हातात नाही. गव्हाच्या कोंबांचे कोनही याच पद्धतीनं पुन्हा मोजले.

२८ ऑगस्ट

घेवड्याचा पूर्ण प्रयोग पुन्हा, या नियमांनी:

पिशव्यांवर गटाचं नाव नाही, फक्त अंक. कुठला अंक कुठल्या गटाचा ही यादी माझ्या कपाटात. मोजणारी मुलं मलम लावणारी नव्हेत. काळ्या पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापली, तिच्यातून फक्त फुटवा दिसतो, खोड आणि पानं झाकली जातात. मोजणी दोऱ्यानं. दोरा कापून वहीत चिकटवायचा, आकडा दुसऱ्यानं लिहायचा. दोरा ताणला तर लांबतो, म्हणून नायलॉनचा सोडून सुती घेतला आणि थोडं मेण चोळलं.

वेळ दुपटीनं लागतो. एक तास मोजणी, पाऊण तास वही. मुलं कंटाळली, मग पाळ्या लावल्या.

५ सप्टेंबर

यादी उघडली. शेंडा असलेली रोपं: डोळे २ ते ४ मिलिमीटर. नुसतं लॅनोलिन: फुटवे बहुतेक ३५ ते ५० मिलिमीटर. ०.१ टक्के: ३ ते ८. ०.०२ टक्के: इतके विखुरलेले की नुसत्या लॅनोलिनपेक्षा वेगळे म्हणवत नाही. आमचं शेवटचं वाक्य "कमी मात्रेचा परिणाम या प्रयोगात दिसला नाही" असं आहे. आधीच्या वहीत "दिसला" लिहिलं होतं, ते पान फाडलेलं नाही, शेजारी ठेवलं आहे.

कापलेल्या शेंड्याच्या जागी ऑक्झिन लावून डोळे रोखता येतात, हे थिमन आणि स्कूग यांनी १९३३-३४ मध्ये एका शेंगवर्गीय रोपावर दाखवलं. आमचं तेवढंच, घेवड्यावर.

एका मुलानं मोठा प्रश्न टाकला. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण एक सेंटीमीटर सरकतं असं मी सांगितलं होतं. मग शेंडा ३० सेंटीमीटर वर असेल तर तो कापल्याची खबर खालच्या डोळ्याला तीस तासांनी लागणार, आणि मामाच्या तंबाखूत तर त्याहून उशिरा? प्रश्न बरोबर आहे. वाटाण्यावर काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवलं की शेंडा कापल्यावर खालचे डोळे ऑक्झिन कमी व्हायच्या आधीच हलू लागतात. शेंडा साखर ओढून घेत असतो, तो गेला की ती साखर लगेच डोळ्यांकडे वळते, आणि पहिला इशारा तोच. ऑक्झिनचं काम त्यानंतरही चालू राहतं. म्हणून आमच्या फलकावरचं "फक्त ऑक्झिन डोळा थांबवतं" हे वाक्य खोडून "ऑक्झिनही थांबवतं" केलं.

ऑक्झिन खालच्याच दिशेला का जातं, हेही फलकावर थोडक्यात घेतलं. पेशीच्या खालच्या टोकाला ते बाहेर सोडणारी प्रथिनं बसवलेली असतात, पिन नावाची. ही कल्पना १९७४-७५ मध्ये ज्यांनी मांडली त्यांतले एक, रुपर्ट शेल्ड्रेक, नंतर हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तूर आणि हरभऱ्यावर काम करत होते. तुरीचं नाव आलं की मुलं कान टवकारतात, म्हणून हे लिहिलं.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीत पाणी घालायला दोन मुलं येत होती, तरी काही पिशव्या सुकल्या. मोजणी आधी झाली होती म्हणून वाचलो. पुढच्यांनी सणाचा आठवडा सोडून पेरणी धरावी.

प्रदर्शनाची मांडणी आज ठरली. फलक मराठी आणि कन्नड, दोन्हीत. टेबलावर रोपं एका रांगेत मागे-मागे ठेवायची नाहीत, सगळी बघणाऱ्यापासून सारख्या अंतरावर अर्धगोलात. पहिल्यांदा बघणाऱ्यानं अंदाज चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, मग काळ्या खिडकीतून पुन्हा अंदाज, मग दोरा. तिन्ही आकडे त्याच्याच हातानं लिहिलेले असतील, त्यामुळे आम्हाला काही पटवून द्यावं लागणार नाही. सरावासाठी शिपाईमामांना बसवलं. खिडकीतून त्यांचा अंदाज दोऱ्याच्या बराच जवळ आला.

आतापर्यंतचा खर्च ७०० रुपयांच्या आत. त्यातलं व्हॅसलीन आणि चायना ग्रास वाचवता येतं.

एक काम चालू आहे. कुंपणाच्या गिरिपुष्पाच्या काड्या कापून अर्ध्या सुलट, अर्ध्या उलट्या, ओलसर पोत्यात टांगल्या आहेत. फ्योश्टिंग यांनी १८७८ साली वाळुंजाच्या काड्यांवर दाखवलं की काडी उलटी टांगली तरी मुळं तिच्या मूळच्या खालच्या टोकालाच येतात. काड्यांची खालची टोकं लाल रंगानं खुणावली आहेत आणि मोजणाऱ्या मुलांपासून तो रंग कापडाखाली झाकून ठेवला आहे. एका उलट्या काडीवर वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले आहेत. ती मुळं की सालीवरच्या गाठी, हे सोमवारी भिंगाखाली बघायचं.